पहिला ट्रक, दुसरा ट्रक आणि मामांचा एक प्रश्न

(ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा बसमध्ये इअरफोन सापडत नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. बोलताना मी 'म्हणजे' फार वेळा म्हणतो, ते जमेल तेवढे काढलेत.)

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी एकच मेसेज केला. 'दादा, ट्रकवाल्या गेमवर बोल ना. त्यात पैसे कसे वाढवायचे ते सांग.' आज तेच करतोय. पण आधीच सांगून ठेवतो, हा नुसता टिप्सचा एपिसोड नाही. दिवाळीत आमच्या घरी या गेमवरून जवळजवळ भांडण झालं, आणि ते सांगितल्याशिवाय मला हा विषय पुढे नेता येणार नाही.

गेम कोणता? यूरो ट्रक सिम्युलेटर २. प्रागमधली एससीएस सॉफ्टवेअर नावाची कंपनी हा गेम बनवते. आला ऑक्टोबर २०१२ मध्ये, म्हणजे तुमच्यातले काही जण तेव्हा पहिली-दुसरीत असतील. आणि अजून चालू आहे. अजून नवे देश, नवे रस्ते येतात, लोक विकत घेतात. गेम कॉम्प्युटरवरचा आहे, फोनवरचा नाही. फोनवाल्यांनो, पळू नका. तुमच्याकडे येतोच आहे. कारण फोनवर जे ट्रकचे आणि बसचे गेम तुम्ही खेळता, त्यातल्या बऱ्याच जणांनी 'कंपनी उभी करा' ही कल्पना ज्या घराण्यातून उचलली, त्या घराण्यातला हा थोरला.

सुरुवात कशी होते बघा. तुम्ही युरोपातलं एक शहर निवडता, ते तुमचं मुख्यालय. मुख्यालय म्हणजे काय, तर एका ट्रकपुरती जागा असलेलं पडकं गॅरेज. आणि त्यात ट्रक नाही! खिशात पैसे नाहीत. मग तुम्ही दुसऱ्याची गाडी चालवता. गेममध्ये याला क्विक जॉब म्हणतात. ट्रक कंपनीचा, डिझेल कंपनीचं, तुम्ही फक्त ड्रायव्हर. माल पोचवला की तुमची मजुरी मिळते. सिग्नल तोडला, स्पीड कॅमेऱ्यात सापडलात, तर तो दंड मात्र तुमच्या खिशातून. माल आदळला तर पैसे कापले. हे मला फार आवडतं, कारण पहिले दोन-तीन तास तुम्ही मालक नसता. तुम्ही कामगार असता. आणि गेम तुम्हाला ते विसरू देत नाही.

मग मोह सुरू होतो. बँक आहे, बँकेचा ईमेल येतो, कर्ज घ्या म्हणते. कर्जाचा हप्ता रोजचा असतो, महिन्याचा नाही. इथे दोन प्रकारचे खेळाडू दिसतात. एक जण लगेच कर्ज काढून ट्रक घेतो. दुसरा म्हणतो, मी आधी पैसे साठवीन, वीस-पंचवीस फेऱ्या दुसऱ्याच्या गाडीवर मारीन. मी दुसऱ्या प्रकारातला होतो आणि खरं सांगू? मूर्खपणा होता. या गेममध्ये कर्ज घेतलेलंच बरं. का, ते पुढे सांगतो, आणि भांडणाचं मूळही तिथेच आहे.

स्वतःचा ट्रक आला की भाडं वाढतं, पण डिझेल तुमचं, दुरुस्ती तुमची, टोल तुमचा, फेरीबोटीचं तिकीटसुद्धा तुमचं. २०१८ च्या १.३२ अपडेटमध्ये स्वतःचा ट्रेलरही घेता यायला लागला, म्हणजे मागचा डबा पण तुमचा. २०२३ च्या शेवटी १.४९ अपडेटमध्ये सेकंड-हँड ट्रक आले. ते आल्यावर मला वाटलं, हां, आता गेम जरा आपल्या ओळखीचा झाला. कारण आपल्याकडे पहिली गाडी नवीन कोण घेतो?

बरं, कौशल्यांचं थोडक्यात. अनुभव वाढला की लेव्हल वाढते, लेव्हल वाढली की एक पॉइंट मिळतो, आणि तो सहापैकी एका कौशल्यात टाकायचा. लांब पल्ला, महाग माल, नाजूक माल, वेळेवर पोच, कमी डिझेलमध्ये गाडी चालवणं, आणि एडीआर. एडीआर म्हणजे धोकादायक माल न्यायचा परवाना, युरोपात तो खरोखरच असतो. स्फोटकं, गॅस, पेटणारे द्रव, विषारी, आम्ल वगैरे. एकेक पॉइंट टाकला की एकेक वर्ग उघडतो. माझा सल्ला विचाराल तर पहिले दोन-तीन पॉइंट डोळे झाकून लांब पल्ल्याला टाका. जवळच्या फेरीत अर्धा वेळ ट्रेलर जोडण्यात आणि रिव्हर्स लावण्यात जातो. रिव्हर्सबद्दल एक. माल पोचल्यावर गेम विचारतो, पार्किंग सोडून देऊ, सोपं करू की अवघड करू? अवघड घेतलं तर जास्त अनुभव मिळतो. मी पहिले दोन महिने 'सोडून दे' दाबत होतो. लाज वाटायची काही नाही. पण ट्रेलर उलटा कसा वळतो हे एकदा डोक्यात बसलं की मजा येते. स्टिअरिंग डावीकडे, शेपूट उजवीकडे. सायकलला हातगाडी बांधून मागे ढकलून बघा, तेच.

आता खरा भाग. कंपनी.

एक गॅरेज विकत घ्यायला १,८०,००० युरो लागतात. त्यात तीन ट्रकची जागा. तेच गॅरेज मोठं करायला आणखी १,००,००० लागतात आणि जागा होतात पाच. लोक काय करतात, हौसेने तीन शहरांत तीन छोटी गॅरेजं घेतात, नकाशावर आपली खूण दिसते ना! पण हिशेब करा. नवीन गॅरेजमध्ये एका जागेला पडले ६०,०००. आहे ते वाढवलं तर दोन जागा एक लाखात, म्हणजे जागेला ५०,०००. त्यामुळे आधी आहे ते पूर्ण भरा, मग दुसऱ्या शहरात जा. इतकं साधं आहे, पण मी स्वतः चार गॅरेजं अर्धी रिकामी ठेवून बसलो होतो.

ड्रायव्हर नेमायला १,५०० युरो. बस. एवढ्यात माणूस कामाला! ट्रक द्या, गॅरेजमध्ये जागा द्या, तो आपोआप फेऱ्या मारतो. तुम्ही झोपलात तरी मारतो. त्याच्या नोंदवहीत दिसतं, या गावाहून त्या गावाला गेला, एवढे मिळाले, एवढा पगार, एवढं डिझेल, एवढी दुरुस्ती. एक चांगली सवय लावून घ्या, स्वतःचा जुना ट्रक नव्या ड्रायव्हरला द्या आणि नवा स्वतः चालवा. नव्या माणसाला महाग गाडी देऊन काही फायदा नाही, सुरुवातीला त्याची कमाई तोकडीच असते. हळूहळू त्याचंही कौशल्य वाढतं. त्याला काय शिकवायचं हे तुम्ही ठरवायचं, आणि तिथेही मी म्हणीन, आधी लांब पल्ला.

आकडे मांडू या. पाच जागांचं पूर्ण गॅरेज २,८०,०००. ट्रक समजा प्रत्येकी १,१०,००० चे, पाचांचे साडेपाच लाख. भरती साडेसात हजार. झाले ८,३७,५००. आता समजा, फक्त समजा हं, प्रत्येक ड्रायव्हर सगळा खर्च जाऊन दिवसाला १,००० सोडतो. पाच जणांचे पाच हजार. म्हणजे १६८ दिवसांत गॅरेज फिटलं. ऐकायला खूप वाटतं, पण हायवेवर गेमचं घड्याळ आपल्यापेक्षा १९ पट पळतं. नकाशा १ ला १९ या प्रमाणात लहान केलाय ना, म्हणून. म्हणजे गेममधला अख्खा दिवस आपल्या सव्वा तासात संपतो, आणि रात्रीची झोप तर एका क्लिकवर. मग या गॅरेजच्या पैशांतून दुसरं, दोघांच्या पैशांतून तिसरं आणि चौथं. पहिला ट्रक घेताना जीव जातो. विसावा ट्रक घेतला हे मला दुसऱ्या दिवशी रिपोर्ट बघून कळलं.

म्हणूनच म्हटलं, या गेममध्ये कर्ज घेतलेलं बरं. जितका ट्रक लवकर, तितकं चक्र लवकर फिरायला लागतं.

तर दिवाळी. भाऊबीजेला मामा आले होते, सांगलीजवळून. मामांची स्वतःची चौदा फुटी आयशर आहे, भाजी आणि कधी गूळ घेऊन वाशी मार्केटला जातात. सोबत त्यांचा मुलगा, माझा मामेभाऊ. वय तेवीस. हा माझ्यापेक्षा जास्त खेळतो, त्याच्या गेममधल्या कंपनीत चाळीसच्या वर ड्रायव्हर आहेत. आणि गेले सहा महिने तो मामांच्या मागे लागला होता की दुसरी गाडी घेऊ. फायनान्सची फाइलसुद्धा तयार होती. त्याचं म्हणणं सरळ होतं. एक गाडी म्हणजे मजुरी, दोन गाड्या म्हणजे धंदा, पाच गाड्या म्हणजे कंपनी. आणि ते तो माझ्या स्क्रीनवर बोट ठेवून दाखवत होता.

मामा फराळाची ताटली मांडीवर घेऊन बराच वेळ बघत बसले. मी एका ड्रायव्हरची नोंदवही उघडली होती. बर्लिनहून माल नेला, पैसे मिळाले. खालच्या ओळीत परतीची फेरी होती, माल नाही. शून्य. मामांनी विचारलं, "ह्यो परत येताना काय घालून आणतो?"

मी म्हटलं, "मामा, कधी माल मिळतो, कधी रिकामा येतो."

"आन् रिकामा आला तरी तुझी कंपनी फायद्यात?"

हो. फायद्यात. मामा हसले नाहीत. चकली मोडली आणि म्हणाले, "मग ही गाडी पाण्यावर चालती व्हय रे?"

तिथून जे सुरू झालं ते रात्री साडेअकरापर्यंत. मामेभावाचा आवाज चढला, मामांचा चढला, मामी मध्ये पडल्या, आईने टीव्ही मोठा केला. मी मध्येच अडकलेला, कारण गेम माझा. पण त्या दोन तासांत मी या गेमबद्दल जेवढं शिकलो तेवढं बाराशे तास खेळून शिकलो नव्हतो.

परतीच्या भाड्याचं घ्या. आमच्या गावाहून वाशी पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. मामांची गाडी भरलेली असताना लिटरला आठच्या घरात देते, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस ते पन्नास लिटर डिझेल. येताना रिकामी गाडी डिझेल थोडं कमी पिते. पण टोल काय म्हणतो, बाबा तू रिकामा आहेस, अर्धेच दे? नाही म्हणत. ड्रायव्हरचा भत्ता तोच, टायर तेवढाच झिजतो. मामांच्या हिशेबात जाण्याचं भाडं म्हणजे खर्च भागला, आणि येण्याचं भाडं म्हणजे घरी काहीतरी आलं. परतीचा माल मिळवायला ते कधी कधी दीड दिवस थांबतात, ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसबाहेर. तो दीड दिवस गेममध्ये नाहीच. गेममध्ये माल उतरवला, पुढच्या मालाची यादी तयार. कुठल्याही शहरात, रात्री तीन वाजतासुद्धा.

दुसरं पैशांचं. गेममध्ये ट्रेलर सोडला की त्याच सेकंदाला पैसे जमा. मामांना निघताना थोडा ॲडव्हान्स मिळतो, तो डिझेलमध्येच जातो. बाकीचं भाडं माल उतरल्यावर, पोच पावती परत आल्यावर, आणि ती आली तरी 'पुढच्या आठवड्यात बघू'. एका व्यापाऱ्याकडे मामांचे चार फेऱ्यांचे पैसे पावसाळ्यापासून अडकलेत. हप्ता मात्र पाच तारखेला बरोबर कापला जातो. मामेभाऊ यावर गप्प झाला. कारण हे त्याला माहीत होतं, त्यानेच त्या व्यापाऱ्याला फोन केले होते. पण गेममध्ये बसलं की विसरायला होतं. मलाही झालं असतं.

तिसरी गोष्ट मामांनी सांगितली नाही, ती मला नंतर सुचली, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी आहे. गेममध्ये तुमचे पाच ट्रक असोत की दोनशे, भाड्याचा दर पडत नाही. युरोपभर माल संपतच नाही. तुम्ही एकटेच वाढताय आणि तुमच्याशी भांडायला दुसरा मालक नाही. खऱ्या बाजारात आज तुम्ही दुसरी गाडी घेतली, तर त्याच महिन्यात शेजारच्या गावात आणखी चौघांनी घेतलेली असते. माल तेवढाच. मग व्यापारी म्हणतो, तो तर हजाराने कमी घेतोय, तुझं काय? गेममधला वाढीचा जादूचा आकडा टिकतो तो या एकाच कारणाने. समोर कोणी नाही.

आता गेमची बाजूही घेतो, नाहीतर तुम्ही म्हणाल दादा मामांच्या पार्टीत गेला. झोपेचं बघा. या गेममध्ये थकवा येतो, डोळे मिटायला लागतात, जांभया ऐकू येतात, आणि गाडी बाजूला लावून नऊ तास झोपावं लागतं. युरोपियन युनियनचा खरा नियम तर याहून कडक आहे. २००६ च्या नियम ५६१ प्रमाणे साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचं, आणि दिवसाला साधारण नऊ तासच चालवायचं, आठवड्यातून दोनदा दहा. आणि ट्रकमध्ये यंत्र बसवलेलं असतं, ते सगळं नोंदवतं. आपल्याकडेही १९६१ चा मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायदा, २०२५ मध्ये रद्द होईपर्यंत, दिवसाला आठ तास म्हणत होता. मी हे मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "आठ तास? त्यात मी पुण्याच्या पुढंबी जात न्हाई, ट्रॅफिक लागला तर." त्यांना गेममधली एकच गोष्ट मनापासून आवडली, आणि ती ही, की झोप आली तर गाडी थांबवावी लागते आणि मालक ओरडत नाही. आपली कंपनी मोठी करताना मीच मालक असतो आणि चाळीस ड्रायव्हर किती वेळ झोपले हे मी कधीही बघितलेलं नाही. हे त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं.

फोनवाल्यांनो, आता तुम्ही. तुमच्यातले बरेच जण इंडोनेशियाचा बस सिम्युलेटर खेळतात, मालेओ कंपनीचा, २०१७ पासूनचा, ज्यात आपली पोरं एसटीच्या लाल गाडीचे रंग चढवून फिरतात. तुर्कस्तानच्या झूक्स गेम्सचे बस सिम्युलेटर अल्टिमेट आणि ट्रक सिम्युलेटर अल्टिमेट हे तर थेट कंपनी उभी करण्याचेच, ऑफिस उघडा, माणसं नेमा. मजा आहे, मी खेळतो. पण फोनच्या गेममध्ये साधारणपणे एक वेगळी गंमत असते. फेरी संपली की विचारतात, जाहिरात बघा आणि पैसे दुप्पट करा. हे जरा ओळखा. तिथे तुमच्या कंपनीची कमाई गाडी चालवून येत नाही, तुम्ही तीस सेकंद डोळे दिल्याने येते. खरा ग्राहक तुम्ही आहात. आणि कुठे अडलं की खऱ्या रुपयांचं पॅकेज समोर येतं. घरच्यांचं यूपीआय जोडलेलं असेल तर तो पासवर्ड आजच बदला, हे मी हसत सांगत नाहीये.

एक छोटी शिफारस जाता जाता. ज्यांना गाड्यांची संख्या वाढवण्याचा कंटाळा आलाय त्यांनी २०२० चा स्नोरनर बघा. तिथे ड्रायव्हर नेमता येत नाहीत, सगळं स्वतः करायचं. चिखलातून लाकूड आणि लोखंड न्यायचं, पडलेला पूल दुरुस्त करायचा, आणि मग त्या पुलावरून पुढची फेरी पाऊण तासाऐवजी दहा मिनिटांत होते. प्रगती बँकेत दिसत नाही, रस्त्यात दिसते. याच्या उलट टोकाला फोर्झा होरायझन, जिथे दर पाच मिनिटांनी एक गाडी बक्षीस देतात. चौथ्या गाडीनंतर माझ्या मनात कुठलीच गाडी उरली नाही. ज्याला आवडतं त्याला आवडो.

परत मामेभावाकडे. दुसरी गाडी घेतली का, हे तुम्ही विचारणारच. नाही घेतली. निदान अजून नाही. पण मामांनी 'नाही'ही म्हटलेलं नाही. ठरलं असं, की तीन महिने हा मामांबरोबर गाडीवर जाणार, आणि परतीचं भाडं प्रत्येक वेळी यानेच शोधायचं. मामा फक्त बसून राहणार. बारा फेऱ्यांपैकी आठ फेऱ्या भरून आणल्या तर फायनान्सवाल्याला फोन करायचा. फाइल कपाटात आहे.

परवा त्याने मला वाशीहून फोटो पाठवला. गाडीत मागे पत्र्याचे डबे आणि दोन फ्रिज. खाली लिहिलं होतं, 'पाचवी फेरी, तिसरं परतीचं भाडं, पण रेट पाडून घेतला.' मी विचारलं, गेम खेळतोस का सध्या? म्हणाला, रात्री थोडा, पण आता कुठलाही ड्रायव्हर रिकामा परत आला की मी त्याची नोंदवही उघडून बघत बसतो, आणि लांब पल्ल्याचं कौशल्य वाढवत नाही तोवर त्याला नवा ट्रक देत नाही.

तुमच्याकडे कोणाची खरी गाडी आहे का, घरात, गल्लीत? असेल तर त्यांना एकदा गेम दाखवा आणि ते पहिला प्रश्न काय विचारतात ते मला व्हॉइस नोट करून पाठवा, एक मिनिटाच्या आत. चांगले प्रश्न पुढच्या एपिसोडमध्ये लावतो. बाराव्या फेरीचं काय झालं तेही तेव्हाच सांगेन. चला, भेटू!